तकदीर, तबीब आणि तपासणी

दवाखान्यात माणूस दगावला की आपल्या वऱ्हाडातल्या मुसलमान घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "वक्त आ गया था, डॉक्टर क्या करता?" बोलणाऱ्याच्या मनात सब्र असते, ईमान असते आणि मय्यत लवकर घरी न्यायची घाईही असते. अकोल्याहून किंवा नागपूरहून वाशीम, कारंजा, मंगरूळपीरपर्यंत गाडी करायची, कबर खोदायला सांगायचे, नातलगांना फोन लावायचे. या धावपळीत शेवटचे औषध कोणते दिले, किती वाजता दिले, ते दिल्यावर काय झाले, हे विचारायला कोणाला सवड नसते. कागदपत्रे पिशवीत राहतात आणि चाळिसाव्यानंतर ती पिशवीही कुठे तरी हरवते.

सब्रबद्दल माझी तक्रार नाही. मृत्यूची घटका ठरलेली आहे हा आपला अकीदा आहे आणि तो दुःखात माणसाला उभे ठेवतो. पण घटका ठरलेली आहे म्हणून चुकीच्या बाटलीतले औषध पाजणाऱ्याला कोणी जाब विचारू नये, असे आपल्या दीनने कधी सांगितले? उलट अबू दाऊद, नसाई आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत हदीस आहे, तिचा आशय असा की ज्याला वैद्यकीचे ज्ञान नाही त्याने इलाज केला आणि नुकसान झाले तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. फिकहच्या ग्रंथांत 'जमान' म्हणजे भरपाईची जी चर्चा आहे, तिच्यात तबीबाचा विषय याच आधाराने येतो. तकदीर मानणाऱ्या लोकांनीच हा कायदा केला होता. त्यांना त्यात विसंगती वाटली नाही.

याचे एक ठळक उदाहरण बगदादचे आहे. हिजरी ३१९, म्हणजे इसवी सन ९३१. अब्बासी खलिफा अल-मुक्तदिर याच्या कानावर आले की एका तबीबाच्या चुकीमुळे शहरातला एक माणूस मेला. मेलेला माणूस अमीर-उमराव नव्हता, सामान्य माणूस होता. पण खलिफाने मुहतसिबाला, म्हणजे बाजाराची आणि व्यवसायांची देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला, हुकूम दिला की यापुढे सिनान इब्ने साबित याने परीक्षा घेऊन लेखी परवानगी दिल्याशिवाय कोणीही वैद्यकी करू नये. सिनान हा प्रसिद्ध गणिती साबित इब्ने कुर्रा याचा मुलगा आणि स्वतः दरबारी तबीब. नदीच्या दोन्ही तीरांवरच्या बगदादमधून परीक्षेला आठशे साठाहून अधिक तबीब आले. नामांकित तबीब आणि दरबारच्या चाकरीतले यांना सूट होती. (सूट कोणाला मिळते, हे त्या काळीही ठरलेलेच होते म्हणायचे.)

या परीक्षेची एक गोष्ट जुन्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. एक भारदस्त, उत्तम कपडे घातलेला म्हातारा सिनानपुढे आला. सिनानने त्याला मानाने बसवले आणि काही ज्ञानाची गोष्ट सांगावी अशी विनंती केली. म्हाताऱ्याने बाहीतून दिनारांची पुडी काढून पुढे ठेवली आणि कबूल केले की आपल्याला नीट लिहिता-वाचता येत नाही, पण घरात बायका-मुले आहेत, ही रोजी तोडू नका. सिनान हसला. त्याने परवानगी दिली, पण अट घातली : जे दुखणे कळत नाही त्यावर औषध द्यायचे नाही आणि साध्या आजाराखेरीज फस्द म्हणजे रक्त काढणे आणि जुलाब या दोन्ही गोष्टींना हात लावायचा नाही. म्हातारा म्हणाला, मी जन्मभर सिकंजबीन आणि जुलाबच्या, म्हणजे गुलाबाच्या सरबताच्या, पलीकडे गेलोच नाही. दुसऱ्या दिवशी एक तरुण आला. कोणाकडे शिकलास, असे विचारल्यावर त्याने वडिलांचे नाव सांगितले, आणि ते वडील म्हणजे हाच म्हातारा निघाला! त्यालाही तीच अट घालून सोडून देण्यात आले.

ही गोष्ट आपण हसण्यासाठी सांगतो, पण तिच्यात मोठे व्यवहारज्ञान आहे. सिनानने त्या म्हाताऱ्याचे पोट तोडले नाही, त्याच्या हातातली धोक्याची साधने तेवढी काढून घेतली. कोणी काय करायचे आणि काय करायचे नाही, याची हद्द ठरवणे हा चूक टाळण्याचा पहिला उपाय आहे. आज आपल्या तालुक्यात सलाईन लावून देणारे आणि 'पॉवरचे इंजेक्शन' मारणारे जे अर्धवट डॉक्टर आहेत, त्यांना ही हद्द कोणी घालून दिलेली नाही.

पुढे बाराव्या शतकात शामच्या शैजरीने मुहतसिबांसाठी मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्यात तबीब आणि अत्तारांबरोबर सरबत बनवणाऱ्यांवरही प्रकरण आहे. औषधात कोण कशाची भेसळ करतो आणि ती ओळखायची कशी, हे त्यात सांगितले आहे. इंग्रजीतला 'सिरप' हा शब्द अरबी 'शराब' म्हणजे पेय या शब्दापासून आलेला आहे, हे इथे लक्षात ठेवावे. सिरपची बाटली आपल्याला पुढे मुंबईत आणि नागपुरात पुन्हा भेटणार आहे.

बगदादहून थेट मुंबईला यायचे तर मधली कित्येक शतके गाळावी लागतात. पण जी गोष्ट सांगायची आहे तिचा कारखाना मुंबईतच होता. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. ओदेसाचा ज्यू शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन याने मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. लोकांना सरकारची, डॉक्टरांची, सुईची, सगळ्यांची भीती होती. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातल्या जुलाहा मोमिनांनी प्लेगच्या तपासणी पथकाला विरोध केला आणि त्यातून दंगा पेटला. त्याच काळात आगाखान तिसरे यांनी आपला खुश्रू लॉज हा बंगला हाफकिनच्या प्रयोगशाळेसाठी दिला आणि स्वतः टोचून घेऊन खोजा जमातीपुढे उदाहरण ठेवले. खोजांपैकी हजारोंनी लस घेतली. पुढे १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

तिथे तयार झालेली लस बाटल्यांत भरून पंजाबात जात होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल या गावी (हे आता पाकिस्तानात आहे) एका दिवसात १०७ माणसांना लस टोचली गेली. त्यांतल्या १९ जणांना काही दिवसांत धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. आता हिशेब पाहा. त्या दिवशी पाच बाटल्या वापरल्या होत्या. मेलेले एकोणीसही जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. त्या बाटलीवर क्रमांक होता ५३-एन. बाटलीला क्रमांक होता आणि कोणाला कोणत्या बाटलीतून टोचले याची नोंद होती, म्हणून हे कळले. नोंद नसती तर १०७ पैकी १९ मेले, एवढेच हाती राहिले असते, आणि लोक म्हणाले असते, लसच जहर आहे.

बाटलीत जंतू शिरले कुठे, परळला की मुल्कोवालला? मुंबईचे मुख्य न्यायाधीश लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली गेली. तिने दोष परळच्या प्रयोगशाळेकडे दाखवला. हाफकिनला पदावरून दूर करण्यात आले. पण साक्षींमध्ये एक गोष्ट नोंदवलेली होती. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्याने तो उचलून जंतुनाशकात बुचकळला आणि तसाच वापरला. जंतू मारायला चिमटा आगीवर धरायला हवा होता, तो धरला नाही. शिवाय बाटली उघडणाऱ्या डॉक्टरला कसलाही वास आला नव्हता. धनुर्वाताचे जंतू बाटलीत आधीपासून वाढलेले असते तर वास आला असता. हे मुद्दे घेऊन रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिले आणि हाफकिन निर्दोष ठरला. त्याची पाच वर्षे गेली ती गेलीच. १९२५ मध्ये परळच्या त्या संस्थेला त्याचे नाव दिले गेले. पोलिओच्या थेंबांमुळे हाफकिन हे नाव आपल्या घराघरांत पोचले आहे, पण त्यामागची ही कहाणी फार थोड्यांना ठाऊक आहे.

मला या कहाणीत चिमटा पाडणाऱ्या मदतनिसाची जास्त आठवण येते. धूळ उडणारे गाव, समोर माणसांची रांग आणि हातातून निसटलेला एक चिमटा. तो दुष्ट नव्हता. वस्तू पडली तर काय करायचे, हे त्याच्या हाताला सवयीने ठाऊक असायला हवे होते, तेवढे नव्हते.

शस्त्रक्रियेचे उदाहरण आपल्या शेजारच्या मराठवाड्यातच आहे. जुलै १९६३ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सरकारी रुग्णालयात एक बाई बाळंत झाली. तीन दिवसांनी तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. नंतर ताप आणि पोटात असह्य वेदना सुरू झाल्या. जखम पुन्हा उघडली तेव्हा पोटात कापडी बोळा राहिलेला सापडला. २४ जुलैला ती गेली. नवऱ्याने दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६ हजार रुपये भरपाई दिली, हायकोर्टाने ती रद्द केली. सरकारी दवाखाना लोकहितासाठी चालतो, त्यातल्या नोकराच्या चुकीला सरकार जबाबदार नाही, असा तो युक्तिवाद होता. २० फेब्रुवारी १९९६ रोजी, ए. एम. अहमदी सरन्यायाधीश असताना, सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. पोटात बोळा राहणे हाच निष्काळजीपणाचा पुरावा आहे, तो नेमका कोणाच्या हातून राहिला हे सिद्ध करण्याचे ओझे मेलेल्या बाईच्या घरच्यांवर टाकता येत नाही, आणि सरकारला हात झटकता येणार नाहीत, असा त्या निकालाचा आशय आहे. भरपाईची रक्कम ३६ हजार हीच राहिली. मधे जवळजवळ तेहतीस वर्षे गेली होती. पण आज सरकारी दवाखान्यात चुकीने कोणी मेले तर गरीब माणूस कोर्टाचे दार वाजवू शकतो, ते या नवऱ्याच्या हट्टामुळेही. 'वक्त आ गया था' असे म्हणून तो घरी बसला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता.

आता मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाकडे येऊ. सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून १८४५ मध्ये सुरू झालेले हे रुग्णालय भायखळ्याला, नागपाडा-भेंडीबाजाराच्या वस्तीला लागून आहे. त्या भागातल्या आणि कोकण-वऱ्हाडातून आलेल्या किती गरीब मुसलमानांचा शेवटचा आधार ते राहिले आहे, हे सांगायला नको. जानेवारी १९८६ मध्ये तिथे एक विचित्र गोष्ट घडू लागली. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी ज्यांना ग्लिसरॉल पाजले जात होते, अशा रुग्णांची लघवी बंद होऊ लागली. मूळ दुखणे एक आणि माणूस मरतो मूत्रपिंडाने. डॉक्टरांनी माग काढला तेव्हा सगळ्यांत समान धागा एकच निघाला, ग्लिसरॉल. ते थांबवेपर्यंत, २१ जानेवारी ते ७ फेब्रुवारी या अठरा दिवसांत, १४ जण दगावले होते.

त्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होते. हे रसायन ग्लिसरीनसारखेच रंगहीन, घट्टसर आणि गोड असते. जिभेला फरक कळत नाही, डोळ्यांना तर नाहीच. ते कारखान्यांत लागते आणि शुद्ध ग्लिसरीनपेक्षा स्वस्त पडते. पोटात गेले की शरीर त्यापासून आम्ल तयार करते आणि ते आम्ल मूत्रपिंडाच्या पेशी मारते. हे जगाला १९८६ मध्ये नव्याने कळले असेही नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत याच रसायनात कालवलेले एक औषध पिऊन शंभराहून अधिक माणसे मेली होती. त्यानंतर १९३८ मध्ये तिथे कायदा झाला की औषध सुरक्षित असल्याचे दाखवल्याशिवाय ते विकता येणार नाही. आपल्याकडेही १९४० पासून औषधांचा कायदा आहे. म्हणजे ज्ञान होते, कायदा होता, तपासणीची प्रयोगशाळा होती, आणि तरीही कारखान्याच्या दर्जाचे ग्लिसरीन रुग्णाच्या चमच्यापर्यंत पोचले.

कसे पोचले, हे शोधण्यासाठी मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. त्यांनी नोव्हेंबर १९८७ मध्ये दिलेला अहवाल १९८८ मध्ये विधिमंडळापुढे आला. सरकारी अहवाल वाचून झोप येते असा आपला अनुभव असतो, पण लेंटिन यांनी कोणाचीही भीड ठेवली नाही. रुग्णालयातील खरेदी, औषध प्रशासनातील लाचखोरी, भेसळ करणाऱ्यांना मिळणारे अभय आणि मंत्र्यांचा हस्तक्षेप, हे सगळे त्यांनी नावानिशी मांडले. तत्कालीन आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला. या अहवालातून एक गोष्ट स्पष्ट होते. त्या चौदा जणांना चमच्याने औषध पाजणाऱ्या परिचारिकेची चूक नव्हती. चूक तिच्या हातात बाटली येण्याच्या किती तरी आधी, निविदेच्या टेबलावर, गोदामात, प्रयोगशाळेत आणि मंत्रालयात होऊन गेली होती. दवाखान्यात काही वाईट झाले की आपण समोरच्या नर्सची किंवा शिकाऊ डॉक्टरची गचांडी धरतो. तेवढ्याने खरे गुन्हेगार सुटतात, कारण ते तिथे नसतातच.

इथे आपल्या समाजाबद्दल एक बोलावेसे वाटते. औषधातले ग्लिसरीन जनावराच्या चरबीचे आहे की वनस्पतीचे, कॅप्सूलचे वेष्टन कशाचे आहे, हे आपले लोक आता काळजीने विचारतात. विचारावेच. पण कुरआनात हलालच्या जोडीला 'तय्यिब' हा शब्द आहे, आणि तय्यिब म्हणजे शुद्ध, चांगले. ग्लिसरीन हलाल आहे का, असे दहा जण विचारतात. ते शुद्ध आहे का, असे विचारणारा एखादाच.

आणि हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गाम्बियात भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधांशी संबंध जोडल्या गेलेल्या प्रकरणात सुमारे सत्तर मुले मेली. गाम्बिया दूर आहे म्हणावे, तर २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नागपूरला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात तेच घडले. खोकल्याचे सिरप प्यायलेल्या लहान मुलांची लघवी बंद झाली, त्यांतल्या अनेकांना नागपूरच्या रुग्णालयांत आणले गेले, आणि वीसहून अधिक मुले गेली. तामिळनाडूत बनलेल्या त्या सिरपच्या एका बॅचमध्ये ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल सापडले. बाटलीत जवळजवळ अर्धे विषच होते. जे. जे.नंतर एकोणचाळीस वर्षांनी, तेच रसायन, तीच लक्षणे.

भेसळीखेरीज निव्वळ अदलाबदलही असते. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात, म्हणजे आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात, पोलिओ लसीकरणाच्या दिवशी बारा मुलांना लसीऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुले वाचली, अल्लाहचे शुक्र. करोनाच्या दिवसांत लस आणि सॅनिटायझर एकाच टेबलावर होते. लसीची कुपी टेबलावर आणि सॅनिटायझर दुसरीकडे, एवढी साधी व्यवस्थाही पुरेशी होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी यादी काढली, तिच्यात याहून अवघड काही नाही. भूल देण्याआधी रुग्णाला त्याचे नाव आणि कोणत्या अवयवाची शस्त्रक्रिया आहे ते विचारा, चिरा देण्याआधी सगळे थांबा आणि पुन्हा खात्री करा, टाके घालून झाल्यावर रुग्ण बाहेर नेण्याआधी बोळे आणि हत्यारे मोजा. दिल्लीसह आठ शहरांत ही यादी वापरून पाहिली तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून पाऊण टक्क्याच्या आसपास आले. औरंगाबादच्या त्या बाईच्या वेळी कोणी मोठ्याने बोळे मोजले असते तर?

वाशीमला २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यापासून वेगळा झाला तेव्हापासून लोक ज्याची वाट पाहत होते, ते आले. आता गंभीर रुग्णाला प्रत्येक वेळी अकोल्याला पळवावे लागणार नाही, अशी आशा आहे. पण मोठा दवाखाना आला म्हणजे औषधेही जास्त, रुग्णही जास्त आणि पाळी बदलताना एका नर्सकडून दुसरीकडे जाणारे निरोपही जास्त. भाषेची अडचण वेगळीच. बाटलीवरचे नाव इंग्रजीत, सूचना मराठीत आणि आमच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना वाचता येते ते उर्दू, तेही सगळ्यांना नाही. मग औषधे रंगाने ओळखली जातात. बीपीची पांढरी, शुगरची पांढरी, आणि दुकानदाराने कंपनी बदलली की पांढरीची गुलाबी होते. पाकिटाची पट्टी कात्रीने कापून चार गोळ्या दिल्या की नाव एका तुकड्यावर राहते आणि मुदतीची तारीख दुसऱ्या.

उर्दू माध्यमाच्या आमच्या शाळेत आठवीच्या मुलींकडून मी यासाठी घरातल्या औषधांची रिकामी पाकिटे आणवते. नाव, मात्रा, मुदत आणि बॅच नंबर वहीत उतरवायचे, नाव उर्दूत उच्चाराप्रमाणे लिहायचे आणि घरी जाऊन दादी-नानीला वाचून दाखवायचे, एवढेच काम. पाकिटांवर बहुतेक वेळा तीन गोष्टी सापडतात, चौथी फाटलेली असते. पहिल्या वर्षी एका मुलीने विचारले, "आपा, नाम और तारीख तो समझ में आया, ये बॅच नंबर काहे को लिखते?" तेव्हा त्या तासाला गणित बाजूला राहिले. फळ्यावर मी मुल्कोवालच्या पाच बाटल्या काढल्या आणि त्यांतल्या एकीवर ५३-एन लिहिले.